सतरा किलोवॅटचं चित्र

क्विझमधला हमखास प्रश्न : टेलिव्हिजनचा शोध कोणी लावला? बझर दाबायचा, 'जॉन लोगी बेअर्ड' म्हणायचं, दहा मार्क खिशात घालायचे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. उत्तर चूक नाहीच. जानेवारी १९२६मध्ये लंडनमधल्या एका माडीवरच्या खोलीत बेअर्डने काही शास्त्रज्ञांना हलतं चित्र दाखवलं, हे खरं.

पण त्याच्या पुढचा प्रश्न मी तरी कुठल्या क्विझमध्ये ऐकलेला नाही. एका खोलीतलं चित्र पलीकडच्या खोलीत दाखवणं वेगळं, आणि तेच चित्र रोज ठरलेल्या वेळी, न चुकता, चाळीस किलोमीटरच्या परिघातल्या घराघरांत पोचवणं वेगळं. ही दुसरी गोष्ट कोणी केली? कशी केली? कम्युनिकेशनच्या पुस्तकात टीव्ही ट्रान्समीटरचा ब्लॉक डायग्राम असतो. सगळे चौकोन, बाणांनी जोडलेले, परीक्षेला सहा मार्कांना येणारे. मीही तो पाठ केला आहे. पण प्रत्येक चौकोन पहिल्यांदा बनवताना कोणाची तरी झोप उडालेली होती, हे तो डायग्राम सांगत नाही. म्हणून हा लेख. विषय आहे लंडनचं अलेक्झांड्रा पॅलेस टेलिव्हिजन केंद्र, उद्घाटन २ नोव्हेंबर १९३६.

आधी थोडं गणित

घाबरू नका, एम-थ्री नाही. नुसता गुणाकार आहे.

बेअर्डची सुरुवातीची सिस्टिम ३० रेषांची होती. चित्र उभं, उंची आणि रुंदीचं प्रमाण ७ : ३, सेकंदाला साडेबारा चित्रं. एका रेषेत साधारण ७० ठिपके धरा. ३० × ७० × १२.५ म्हणजे सेकंदाला सुमारे २६ हजार ठिपके. एक काळा, एक पांढरा असे दोन ठिपके मिळून एक सायकल होते, म्हणून निम्मं करा : १३ किलोहर्ट्झ. म्हणजे जवळजवळ आवाजाएवढीच बँडविड्थ! म्हणूनच बीबीसीच्या साध्या मीडियम वेव्ह ट्रान्समीटरवरून १९२९पासून १९३५पर्यंत हे चित्र दाखवता आलं. चेहरा ओळखू येई, पण क्रिकेटची मॅच दाखवायची म्हटलं तर चेंडू कुठे आणि पंच कुठे, काही कळलं नसतं.

आता ४०५ रेषा घ्या. सेकंदाला २५ चित्रं, प्रमाण ५ : ४. ४०५ × ४०५ × १.२५ × २५ भागिले २. कॅल्क्युलेटर काढा. उत्तर येतं २५ लाख ६० हजार हर्ट्झच्या आसपास, म्हणजे अडीच मेगाहर्ट्झ. सगळा मीडियम वेव्ह बँड मिळून जेमतेम एक मेगाहर्ट्झचा. त्यातली सगळी रेडिओ स्टेशनं बंद करून जागा रिकामी केली, तरी हे एक चित्र तिथे मावत नाही.

मग जायचं कुठे? वर. व्हीएचएफमध्ये. अलेक्झांड्रा पॅलेसला चित्रासाठी ४५ मेगाहर्ट्झ आणि आवाजासाठी ४१.५ मेगाहर्ट्झ मिळाले. आज आपल्याला ४५ मेगाहर्ट्झ म्हणजे काहीच वाटत नाही, मोबाइल गिगाहर्ट्झमध्ये खेळतो. पण १९३५ साली या वारंवारतेवर कित्येक किलोवॅट शक्ती काढणं आणि तीही अडीच मेगाहर्ट्झच्या सिग्नलने मॉड्युलेट करणं, ही अनोळखी वाट होती. आणि तयार व्हॉल्व्ह बाजारात मिळतील अशीही स्थिती नव्हती.

टेकडीच का?

व्हीएचएफची लहर मीडियम वेव्हसारखी जमिनीला चिकटून लांब जात नाही. ती साधारण नजरेच्या रेषेत जाते. क्षितिज संपलं की सिग्नल संपत येतो. क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये काढायचं सोपं सूत्र : उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ गुणिले ३.५७.

उत्तर लंडनमधल्या ज्या टेकडीवर अलेक्झांड्रा पॅलेस उभं आहे ती समुद्रसपाटीपासून ३०६ फूट. इमारतीच्या कोपऱ्यातला बुरूज सुमारे ८० फूट. त्यावर उभारला २२० फुटांचा लोखंडी मनोरा. एकूण झाले ६०० फुटांच्या वर, म्हणजे साधारण १८३ मीटर. सूत्रात टाकलं की ४८ किलोमीटर येतात. बीबीसीने ठरवलेला पल्ला होता २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर. सगळं लंडन आणि आजूबाजूची उपनगरं त्यात बसतात. म्हणजे जागा निवडण्यामागे हे वर्गमूळ होतं, टेकडीवरची हवा नव्हे.

इमारतीची कहाणीही मजेदार आहे. १८७३ साली लोकांच्या करमणुकीसाठी हा राजवाडा बांधला आणि उघडल्यावर सोळाव्या दिवशी जळाला! १८७५ साली परत बांधला. पहिल्या महायुद्धात तिथे आधी निर्वासित आणि मग नजरकैदेतले जर्मन नागरिक ठेवले होते. १९३५ साली बीबीसीने तिचा पूर्वेकडचा भाग भाड्याने घेतला. नाटक-मेजवान्यांसाठी बांधलेल्या जुनाट दालनांमध्ये आता ट्रान्समीटर, स्टुडिओ, मेकअप रूम आणि कंट्रोल रूम बसवायची होती. नवीन इमारत बांधायला वेळ कुणाकडे होता?

एक केंद्र, दोन सिस्टिम

खरी गंमत पुढे आहे. इंग्लंडच्या सरकारने लॉर्ड सेल्सडन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिचा अहवाल जानेवारी १९३५मध्ये आला. समिती म्हणाली : 'हाय डेफिनिशन' सेवा सुरू करा, कमीत कमी २४० रेषा हव्यात. (होय, तेव्हा २४० रेषांना हाय डेफिनिशन म्हणत. यूट्यूबवर २४० वर व्हिडिओ अडकला की आपण वायफायच्या नावाने खडे फोडतो.) पण सिस्टिम कोणाची घ्यायची? दोन दावेदार होते, बेअर्ड कंपनी आणि मार्कोनी-ईएमआय. समितीने दोघांनाही घेतलं. एकाच केंद्रात दोघांची यंत्रं बसवायची, आळीपाळीने एकेक आठवडा प्रक्षेपण करायचं आणि मग निकाल लावायचा.

म्हणजे डिझाइन करणाऱ्यांच्या डोक्यावर दुप्पट काम. दोन स्टुडिओ, दोन व्हिजन ट्रान्समीटर, दोन कंट्रोल रूम. आवाजाचा ट्रान्समीटर आणि मनोरा मात्र सामाईक. घरातल्या टीव्ही संचालाही दोन्ही सिस्टिम पकडता याव्यात म्हणून स्विच. संचाची किंमत शंभर गिनीच्या आसपास, म्हणजे त्या वेळच्या छोट्या मोटारगाडीएवढी.

बेअर्ड कंपनीने २४० रेषा निवडल्या, सेकंदाला २५ चित्रं, एकामागोमाग एक. बँडविड्थ एक मेगाहर्ट्झच्या आसपास. त्यांच्याकडे चांगला इलेक्ट्रॉनिक कॅमेरा नव्हता, म्हणून मोठ्या दृश्यासाठी त्यांनी अजब उपाय काढला होता : स्टुडिओतलं दृश्य आधी फिल्मवर शूट करायचं, ती ओली फिल्म तिथल्या तिथे मिनिटभरात डेव्हलप करायची आणि ओली असतानाच स्कॅन करून हवेत सोडायची. 'थेट' प्रक्षेपण, पण मिनिटभर उशिराचं. त्या रसायनांत सायनाइड होतं. कॅमेरा या सगळ्या यंत्रणेला जोडलेला, म्हणून जागेवरून हलत नसे. फिल्म तुटली की चित्र गेलं, आणि आवाजही त्याच फिल्मवर असल्याने तोही गेला.

मार्कोनी-ईएमआयच्या बाजूला आयझॅक शोनबर्ग हा माणूस ईएमआयच्या संशोधन विभागाचा प्रमुख होता. त्याच्या हाताखाली ॲलन ब्लमलाइन, मॅकगी, ब्राउन, व्हाइट अशी तरुण मंडळी. त्यांच्याकडे एमिट्रॉन नावाची कॅमेरा ट्यूब तयार होत होती. समितीने किमान २४० मागितल्या होत्या, त्यांची प्रयोगशाळा तेव्हा २४३ रेषांवर काम करत होती. शोनबर्गने आकडा सांगितला ४०५!

हा आकडा आला कुठून? ४०५ म्हणजे ३ × ३ × ३ × ३ × ५. दोन-तीन वर्षांपूर्वी टीव्ही इंजिनिअरिंग शिकताना मला वाटायचं, ही संख्या कोणीतरी सहज मनात आली म्हणून घेतली असावी. तसं नाही. एक तर इंटरलेसिंगसाठी विषम संख्या लागते. आधी १, ३, ५... या रेषा आणि मग २, ४, ६... अशा दोन फेऱ्यांत चित्र काढायचं, प्रत्येक फेरीत २०२ आणि अर्धी रेषा. त्या अर्ध्या रेषेमुळे दुसरी फेरी आपोआप पहिलीच्या फटींत बसते. डोळ्याला सेकंदाला ५० फेऱ्या दिसतात, त्यामुळे चित्र लुकलुकत नाही, आणि बँडविड्थ मात्र २५ चित्रांचीच लागते. दुसरं म्हणजे रेषांची वारंवारता आणि फेऱ्यांची वारंवारता एकमेकींना पक्की बांधलेली हवी. त्या काळच्या व्हॉल्व्हच्या डिव्हायडर सर्किटला ३ आणि ५ अशा छोट्या संख्यांनी भाग देणं जमायचं. मोठ्या संख्येने भाग द्यायला गेलं की सर्किट भरकटायचं. म्हणून छोट्या विषम संख्यांचा गुणाकार. आपली ६२५ तरी काय आहे? ५ × ५ × ५ × ५. तेच तर्कशास्त्र.

पण जरा विचार करा. केंद्र उघडायला दोन वर्षंही नाहीत, आणि हातात नसलेला आकडा कागदावर लिहून द्यायचा. जमलं नाही तर कंपनीची नाचक्की. जमलं तर लोकांच्या घरातले संच पुढची कित्येक वर्षं त्याच आकड्याला बांधलेले राहणार. प्रोजेक्टच्या सिनॉप्सिसमध्ये आपणही मोठमोठे आकडे लिहितो, पण आपले आकडे तपासायला शंभर गिनी भरून टीव्ही घेतलेला माणूस येत नाही.

ट्रान्समीटर : खरी डोकेदुखी

मार्कोनी-ईएमआयच्या व्हिजन ट्रान्समीटरची शक्ती होती १७ किलोवॅट, चित्र पूर्ण पांढरं असतानाची. आवाजाची ३ किलोवॅट. त्या काळात व्हीएचएफवर हे अवाढव्य होतं. नुसती शक्ती हा प्रश्न नव्हता. प्रश्न होता शक्ती आणि बँडविड्थ एकाच वेळी मिळवण्याचा. हे दोघे एकमेकांचे वैरी कसे, ते बघा.

मीडियम वेव्हवर १००० किलोहर्ट्झचं स्टेशन ९ किलोहर्ट्झची जागा घेतं, म्हणजे कॅरियरच्या एक टक्का. त्यासाठी ट्यून्ड सर्किटचा क्यू चांगला भरपूर ठेवता येतो. इथे ४५ मेगाहर्ट्झच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच, म्हणजे ५ मेगाहर्ट्झ हवेत. अकरा टक्के! क्यू नऊच्या आसपास आणावा लागतो. क्यू कमी करायचा म्हणजे सर्किटवर कमी रेझिस्टन्सचा लोड टाकायचा. मोठ्या व्हॉल्व्हची स्वतःची कपॅसिटन्स असते, ती काढून टाकता येत नाही, आणि बँडविड्थ ही रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्सच्या व्यस्त प्रमाणात. कपॅसिटन्स हटत नाही, म्हणून रेझिस्टन्स घटवा. छोट्या रेझिस्टन्समध्ये मोठी शक्ती ओतायची तर करंट वाढवा. करंट वाढवायचा तर मोठा व्हॉल्व्ह आणा. मोठा व्हॉल्व्ह आणला की कपॅसिटन्स पुन्हा वाढली! कुत्र्याने स्वतःची शेपूट पकडायला फिरावं तसं हे डिझाइन फिरत राहतं. शेवटी पाण्याने थंड ठेवलेले मोठे व्हॉल्व्ह वापरून, तारा शक्य तितक्या आखूड ठेवून हे साधलं. ४५ मेगाहर्ट्झला तारेचा वीतभर तुकडा म्हणजे चांगला इंडक्टर असतो. ब्रेडबोर्डवर आपण लांबच लांब वायर फिरवतो ना, तसं तिथे चालत नाही.

दुसरा प्रश्न, मॉड्युलेशन कुठे करायचं? आधीच्या एखाद्या छोट्या स्टेजला केलं तर मॉड्युलेटरला कष्ट कमी, पण पुढच्या सगळ्या स्टेजना रुंद बँड द्यावा लागतो. त्यांनी शेवटच्या स्टेजच्या ग्रिडवर मॉड्युलेशन केलं. त्यामुळे आधीच्या स्टेज फक्त कॅरियर वाढवतात, त्यांना बँडविड्थची पर्वा नाही. सगळं ओझं मॉड्युलेटरवर. किती ओझं? माझा एक कल्पित हिशेब सांगतो. ग्रिड आणि जोडण्या मिळून २०० पिकोफॅरड धरा, आणि ०.२ मायक्रोसेकंदात व्होल्टेज १००० व्होल्टने बदलायचं आहे. करंट म्हणजे कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेज बदलण्याचा वेग. उत्तर एक अँपिअर! चित्रातली एक बारीक पांढरी कड दाखवायला क्षणात एक अँपिअर देणारा ॲम्प्लिफायर, आणि तो मेगाहर्ट्झमध्ये चालणारा.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण तो ऐकायला क्षुल्लक वाटतो. आवाजाला डीसी नसतो, चित्राला असतो. बाहेर ऊन आहे की रात्र, हे चित्राच्या सरासरी उजेडात असतं, आणि ती सरासरी म्हणजे डीसी. कपलिंग कपॅसिटर डीसी अडवतो हे आपण दुसऱ्या वर्षाला शिकतो. मग इतक्या स्टेजमधून जाताना चित्राची रात्र आणि दिवस सारखेच राखाडी होणार. ब्लमलाइन आणि त्याच्या सहकाऱ्यांची युक्ती अशी : प्रत्येक रेषेच्या शेवटी चित्र नसलेला एक छोटा काळ असतोच, त्या क्षणी 'काळं म्हणजे इतकं' हा बिंदू पुन्हा पक्का करायचा. सेकंदाला १०,१२५ रेषा, म्हणजे सेकंदाला १०,१२५ वेळा चुकलेल्या सिग्नलचा कान धरून त्याला जागेवर आणायचं. त्यामुळे ठरवता आलं की पूर्ण पांढऱ्याला १०० टक्के कॅरियर, काळ्याला ३० टक्के आणि सिंक पल्सला शून्य. पॉवर सप्लायची मात्र परीक्षा असे. पडद्यावर पांढरा कोट आला की ट्रान्समीटर भरपूर वीज खेचणार, काळा पडदा आला की एकदम कमी. आणि एवढ्या चढउतारात व्होल्टेज डगमगायला नको, नाहीतर ते चित्रातच दिसणार.

मनोऱ्यावर

मनोऱ्यावर वरच्या बाजूला चित्राचा अँटेना, खाली आवाजाचा. आठ बाजूंना उभे डायपोल, त्यांच्या मागे रिफ्लेक्टर, म्हणजे मनोऱ्याच्या लोखंडाचा त्रास कमी आणि सगळ्या दिशांना सारखं प्रक्षेपण. ही रचना मार्कोनी कंपनीच्या सी. एस. फ्रँकलिनची. ४५ मेगाहर्ट्झची लहर ६.६७ मीटर लांब, म्हणून अर्ध्या लहरीचा डायपोल सव्वातीन मीटरच्या आसपास.

तो मॅच नीट नसेल तर काय होतं? समजा फीडर १२० मीटर लांब आहे. अँटेनाकडून परत आलेला सिग्नल खाली जाऊन पुन्हा वर येणार, २४० मीटरचा जादा प्रवास, ०.८ मायक्रोसेकंद. एका रेषेचं दिसणारं चित्र सुमारे ८० मायक्रोसेकंदांचं. म्हणजे एक टक्का उशीर. २५ सेंटीमीटर रुंद पडद्यावर प्रत्येक माणसाच्या शेजारी अडीच मिलिमीटरवर त्याचं भूत! रेडिओत असली चूक कानाला कळतही नाही. चित्र मात्र सगळं उघडं पाडतं. ट्रान्समिशन लाइनचा स्मिथ चार्ट कशाला शिकायचा असं विचारणाऱ्यांनी हे भूत लक्षात ठेवावं.

निकाल

ऑगस्ट १९३६मध्ये लंडनच्या रेडिओ प्रदर्शनासाठी चाचणी प्रक्षेपण झालं आणि २ नोव्हेंबरला रीतसर उद्घाटन. आधी कोणाची सिस्टिम हे नाणं उडवून ठरवलं, बेअर्ड कंपनी जिंकली. मग तोच समारंभ, तीच भाषणं, पुन्हा दुसऱ्या सिस्टिमवर! (बर्लिनमध्ये मार्च १९३५पासून १८० रेषांचं प्रक्षेपण सुरू होतं, हेही सांगायला हवं. 'जगात पहिलं' म्हणताना हे विसरलं जातं.) रोज दोनच तास कार्यक्रम, दुपारी ३ ते ४ आणि रात्री ९ ते १०, रविवारी सुट्टी.

३० नोव्हेंबरला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथली बेअर्ड कंपनीची प्रयोगशाळा भस्मसात झाली. पण स्पर्धेचा निकाल आगीने लावला नाही. तो रोजच्या कामाने लावला. एमिट्रॉन कॅमेरा हलवता येई, बाहेर बागेत नेता येई. त्यालाही खोड होती. चित्रावर उगाच सावल्या पडत, आणि त्या काढायला एक माणूस सतत नॉब फिरवत बसे. पण तो नॉब फिरवून कार्यक्रम चालू राहायचा. फेब्रुवारी १९३७पासून फक्त ४०५ रेषा उरल्या. त्याच वर्षी १२ मे रोजी सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाची मिरवणूक हाइड पार्क कॉर्नरवरून तीन एमिट्रॉन कॅमेऱ्यांनी थेट दाखवली. सिग्नल टेकडीपर्यंत खास टाकलेल्या केबलवरून गेला.

बेअर्डला कमी लेखायचा माझा हेतू नाही. त्याने दहा वर्षं 'चित्र पाठवता येतं' हे लोकांना पटवलं नसतं तर समितीच बसली नसती. शिवाय अलेक्झांड्रा पॅलेसच्या वेळी कंपनीचा तांत्रिक कारभार त्याच्या हातात राहिलेला नव्हता. पण दोन कामं वेगळी आहेत. डेमोमध्ये एकदा चाललं की टाळ्या मिळतात. सेवेत दुपारी तीनला चाललं पाहिजे, रात्री नऊला चाललं पाहिजे आणि उद्याही.

युद्ध आणि एक विलक्षण वापर

१ सप्टेंबर १९३९ला केंद्र बंद केलं गेलं. शत्रूच्या विमानांना हा सिग्नल दिशादर्शक ठरेल ही भीती होती, आणि व्हीएचएफ जाणणारे इंजिनिअर रडारला हवे होते. तेव्हा लंडन परिसरात सुमारे २० हजार संच होते.

ट्रान्समीटर मात्र गप्प बसला नाही. जर्मनांची वाय-गेरेट नावाची पद्धत होती : जमिनीवरून विमानाकडे एक सूर पाठवायचा, विमानाने तो परत पाठवायचा, आणि फेज मोजून अंतर काढायचं. तिच्या वारंवारता नेमक्या ४५ मेगाहर्ट्झच्या आसपास. १९४१च्या सुरुवातीला अलेक्झांड्रा पॅलेसच्या ट्रान्समीटरवरून विमानाचाच सूर पकडून पुन्हा त्याच्याकडे सोडला जाऊ लागला, आणि जर्मनांची अंतराची मोजणी बिघडली. नाच-गाणी दाखवायला बांधलेला रुंद बँडचा, मोठ्या शक्तीचा ट्रान्समीटर शहर वाचवायला उपयोगी पडला.

ॲलन ब्लमलाइन ७ जून १९४२ला रडारची चाचणी घेताना विमान अपघातात गेला. वय ३८, नावावर १२८ पेटंट. बरोबर चार वर्षांनी, ७ जून १९४६ला, अलेक्झांड्रा पॅलेसचं टेलिव्हिजन पुन्हा सुरू झालं. १७ डिसेंबर १९४९ला बर्मिंगहॅमजवळ सटन कोल्डफील्डला ३५ किलोवॅटचा ट्रान्समीटर आणि ७५० फुटांचा मनोरा उभा राहिला. तिथे एक साइडबँड बराचसा कापून जागा वाचवली. तीच वेस्टिजियल साइडबँड, जी आपल्याला व्हायव्हात विचारतात. ४०५ रेषांचं प्रक्षेपण इंग्लंडमध्ये जानेवारी १९८५पर्यंत चालू होतं. शोनबर्गने लिहिलेला आकडा जवळजवळ अर्धं शतक टिकला.

आणि आपल्याकडे

भारतात सुरुवात दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ला झाली, ट्रान्समीटर फक्त ५०० वॅटचा. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुण्याला चित्र मिळू लागलं. सिंहगड का? तेच वर्गमूळ! समुद्रसपाटीपासून १३०० मीटरच्या आसपासचा डोंगर आयता उभा असताना मनोरा उंच कशाला बांधायचा? महाराजांच्या काळात गड ज्या कारणासाठी महत्त्वाचे, त्याच कारणासाठी व्हीएचएफलाही : लांबचं दिसतं.

आपण १९३६चे धडे घेऊनही काही गोष्टी उलट्या केल्या. तिकडे उभे डायपोल, आपल्याकडे आडवे. म्हणून आपल्या घरांवरच्या यागीच्या काड्या आडव्या असायच्या. तिकडे पांढऱ्याला पूर्ण शक्ती, आपल्या ६२५ रेषांच्या पद्धतीत उलटं, सिंक पल्सला सगळ्यात जास्त. फायदा असा की स्कूटरच्या स्पार्कचा खरखराट पडद्यावर पांढऱ्याऐवजी काळ्या ठिपक्यांत दिसतो, डोळ्याला कमी खुपतो. आणि चित्रात मुंग्या असल्या तरी सिंक टिकून राहतो.

दूरदर्शनच्या बोलीत दोन शब्द होते, एचपीटी आणि एलपीटी. एचपीटी म्हणजे १० किलोवॅटसारखे मोठे ट्रान्समीटर, एलपीटी म्हणजे १०० वॅटचे छोटे, जे १९८४च्या सुमारास गावोगाव बसले. दोघांत २० डेसिबलचा फरक. घराच्या गच्चीवर अँटेना फिरवत 'आलं का?' आणि खालून 'आलं, आलं... गेलं!' हा संवाद आपल्या आई-बाबांनी केलेला आहे. तो संवाद याच २० डेसिबलचा होता. गेल्या काही वर्षांत दूरदर्शनचे बहुतेक ॲनालॉग ट्रान्समीटर बंद झाले. आता चित्र डिशमधून नाहीतर फायबरमधून येतं, आणि ते येत नसेल तर गच्चीवर जाऊन काही उपयोग नाही.

जाता जाता एक गृहपाठ. वरचं ४०५चं सूत्र ६२५ रेषांना लावा, प्रमाण ४ : ३ घ्या. उत्तर साडेसहा मेगाहर्ट्झ येईल. पण आपल्या पद्धतीत चित्राला ५ मेगाहर्ट्झच दिले होते. उरलेले दीड कुठे गेले? इशारा देतो : दोन रेषांच्या मधोमध पडलेला बारीक तपशील तसाही हरवतो, मग तेवढाच बारीक तपशील आडव्या दिशेला तरी कशाला पाठवायचा? याला केल फॅक्टर म्हणतात. मेसमध्ये वरणाची वाट बघताना आकडेमोड करून पाहा. सर विचारतील तेव्हा उत्तर पाठ केलेलं नसेल, काढलेलं असेल.